रबाई : गोदातीराशीं नातें सांगणारें एक आफ्रिकन खेडें

'आफ्रिका' हें नांव कानीं पडतांच आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनश्चक्षूंपुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक घोर अरण्याचें, ज्यांत सिंह गर्जत आहेत व हत्तींचे कळप हिंडत आहेत. आणि दुसरें, हातीं पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या गौरवर्ण पाद्र्याचें, ज्याच्यापुढें कृष्णवर्ण स्त्रीपुरुष निमूटपणें बसलेले आहेत. हीं दोन्ही चित्रें आपण शाळेंत असतां इंग्रजी पुस्तकांतून उचललीं, आणि पुढें तीं तपासून पाहण्याचा प्रसंग आपणांस सहसा येत नाहीं. गेल्या जून महिन्यांत केनिया देशाच्या किनाऱ्याजवळील रबाई नांवाच्या खेड्यांत आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. तेथें सिंह तर नाहींच, पण दुसरें चित्रहि आपल्या जागीं सांपडलें नाहीं. जें सांपडलें तें आपल्या नाशिकशीं इतकें निगडित निघालें कीं, तें वाचकांच्या कानावर घालणें हें आम्हांस कर्तव्यच वाटतें.

संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेला व स्नानसंध्या न चुकविणारा एक सेवानिवृत्त शिक्षक ख्रिस्ती मंडळीबरोबर आफ्रिकेंतील खेड्यांत गेला कसा, हा प्रश्न कित्येकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर सोपें आहे. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त नैरोबीस असतो व त्याच्या आग्रहावरून आम्ही दोन महिने त्याच्याकडे गेलों होतों. त्याच सुमारास नाशिकच्या एका चर्चमधील सात माणसें दवाखान्याच्या व शाळेच्या कामासाठीं रबाईस येत असल्याचें पत्र आम्हांस आलें. पत्र लिहिणारे गृहस्थ म्हणजे एकाच शाळेंत ज्यांच्याबरोबर आम्हीं सव्वीस वर्षें काढलीं ते आमचे जुने स्नेही. ते गणित शिकवीत, आम्ही संस्कृत. "मास्तर," त्यांनीं लिहिलें होतें, "तुम्ही तिकडे आहांच, तर मोंबाशास या. तुम्हांला प्रार्थनेस बसविणार नाहीं, आणि तुमचें जेवण सोंवळ्यांत नसलें तरी शाकाहारी राहील एवढें पाहूं. आपल्या नाशिकच्या इतिहासाचें एक पान तिकडे जाऊन पडलें आहे. तें वाचायला जुन्या पोथ्यांचीं पानें लावण्याची संवय असलेला माणूस हवा." ह्या निमंत्रणास नकार देणें आम्हांस शक्य नव्हतें.

नैरोबीहून मोंबाशास जाण्यास २०१७ सालीं सुरू झालेली नवी रेल्वे आहे. ती पांच-सहा तासांत किनाऱ्यास पोंचविते. ह्याच मुलखांतून जाणारा जुना लोहमार्ग मोंबाशापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत १८९६ ते १९०१ ह्या काळांत बांधला गेला. त्यासाठीं हिंदुस्थानांतून, मुख्यतः पंजाबांतून, तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यांत आले होते व त्यांपैकीं सुमारें अडीच हजारांनीं तेथेंच देह ठेवला. त्साव्होच्या मैदानांतून जातांना तांबड्या मातीनें माखलेले हत्ती डब्याच्या खिडकींतून दिसले; अरण्याचें आमचें दर्शन एवढ्यावरच आटोपलें.

मोंबासा हें शहर मात्र आमच्या कल्पनेपेक्षां पुष्कळच ओळखीचें निघालें. शतकानुशतकें ईशान्येच्या वाऱ्यावर कच्छ-काठेवाडचीं गलबतें येथें येत आणि वारा फिरला म्हणजे परत जात. समुद्रतीरावर पोर्तुगीजांनीं १५९३ सालीं बांधावयास घेतलेला फोर्ट जीझस हा किल्ला उभा आहे. त्या काळीं तेथील अंमलदार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतींत असत. रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेचीं अवाढव्य खोडें दिसतात. स्वाहिली भाषेंत गाडीस 'गारी' म्हणतात, रंगास 'रांगी', दुकानास 'दुका' आणि पैशास 'पेसा'. ह्या मुलखांत १९२० सालापर्यंत रुपयाच चालत असे. आज त्याच 'पेसा'चें नवें रूप असें कीं, २००७ सालीं सुरू झालेल्या 'एम-पेसा' नांवाच्या व्यवस्थेमुळें खेड्यांतली नारळ विकणारी बाईदेखील आपल्या साध्या मोबाइलवर किंमत घेते. आम्हीं खिशांतून सुटे पैसे काढण्यापूर्वींच आमच्या वाहनचालकानें तिचा हिशेब चुकता केला होता!

मोंबाशाच्या वायव्येस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर रबाई आहे. माझेरास नांवाच्या गांवाजवळ हमरस्ता सोडून आंत वळलें, कीं लहान लहान टेंकड्या चढूं लागतात. नुकताच पाऊस होऊन गेलेला. तांबडी माती, नारळीच्या बागा, मधून मधून आंबा व काजू. आणि ह्या सर्वांवरून येणारा दमट वारा. आमच्या स्नेह्यांचें आजोळ रत्नागिरीकडचें. ते म्हणाले, "मास्तर, पाटी वाचली नाहीं तर मी येथें आजोळचें घर शोधूं लागेन." घरांच्या भिंती मेढी व कामट्यांवर माती लिंपून केलेल्या, वर झापांचें शाकारणें, कांहीं घरांवर आतां पत्रेहि आले आहेत. एक मनुष्य कमरेला भोपळा बांधून माडावर चढत होता. माडी काढणें हा येथील जुना धंदा. ज्या घरीं आमची उतरण्याची सोय केली होती, तेथील वृद्ध मातोश्री ओसरीवर एका बुटक्या लांकडी बैठकीवर बसून, तिच्या पुढें आलेल्या दांतेरी पात्यावर नारळ खवीत होत्या. खवणीच ती! नांव तेवढें निराळें. स्वाहिलींत तिला 'म्बुझी', म्हणजे बकरी, म्हणतात. त्या दिवशीं आम्हांस मक्याच्या पिठाची घट्ट उकड, नारळाच्या रसांतला घेवडा आणि माठासारखी एक पालेभाजी वाढण्यांत आली. पाहुणा मांस खात नाहीं हें त्या माउलीस चमत्कारिक वाटलें असावें, परंतु तिनें कारण विचारलें नाहीं. दुसरे दिवशीं फक्त रस्सा अधिक केला.

पहिल्या दिवसाच्या दोन गोष्टी आमच्या ध्यानांत विशेष राहिल्या. पहिली तेथील अभिवादनाची. लहान मूल वडील माणसास भेटलें म्हणजे 'शिकामो' म्हणतें. ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतों' असा सांगतात, आणि वडिलांनीं त्यावर 'मारहबा' म्हणून त्याचा स्वीकार करावयाचा असतो. शाळेंत जाणारीं पोरें वाटेंत थांबून आम्हांस हें म्हणत आणि उत्तर मिळाल्यावांचून पुढें जात नसत. नैरोबींत पुतण्याच्या मुलांस नमस्कार करावयास दोनदां सांगावें लागतें, हें येथें नमूद करावयास हरकत नाहीं. दुसरी गोष्ट कालगणनेची. आपण ज्यास सकाळचे सात म्हणतों त्यास ते 'पहिला तास' म्हणतात, कारण त्यांचे तास सूर्योदयापासून मोजले जातात. विषुववृत्त जवळ असल्यामुळें बाराहि महिने सूर्य सहाच्या आगेंमागें उगवतो व तितक्याच नियमानें मावळतो, म्हणून हा हिशेब बिनचूक जमतो. पंचांगांतील घटका सूर्योदयापासून मोजण्याची ज्यांस संवय आहे त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं.

आतां ह्या गांवाचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण त्यावांचून पुढील मजकूर समजावयाचा नाहीं. योहान लुडविग क्राप्फ हा जर्मन मिशनरी इंग्रजांच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें १८४४ सालीं मोंबाशास आला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्याची पत्नी व नुकतीच जन्मलेली मुलगी तापानें वारलीं. १८४६ सालीं योहानेस रेबमान हा दुसरा जर्मन त्याला येऊन मिळाला, आणि रबाईच्या वडीलधाऱ्या मंडळींची अनुज्ञा घेऊन दोघांनीं येथें ठाणें बसविलें. १८४८ सालीं रेबमाननें किलिमांजारो पर्वतावरील बर्फ पाहिलें. विषुववृत्तापाशीं बर्फ असणें शक्यच नाहीं म्हणून विलायतेंतील पंडितांनीं त्याची चेष्टा केली. क्राप्फनें स्वाहिलीचें व्याकरण व कोश रचिला. ह्या सर्व विद्वत्तेस आमचें वंदन असो. तथापि ज्या कामासाठीं ते आले होते त्या धर्मप्रसाराचा विचार केल्यास, रेबमान येथें एकोणतीस वर्षें राहिला आणि अखेर आंधळा होऊन १८७५ सालीं परतला, तेव्हां त्याच्याभोंवतीं बोटांवर मोजण्याइतकींच माणसें जमलेलीं होतीं. मग आज येथें एवढें मोठें देवालय, शाळा व वस्ती दिसते ती कोणीं उभारिली?

ह्या प्रश्नाचें उत्तर नाशिकांत आहे. त्या काळीं आफ्रिकेच्या अंतर्भागांतून पकडून आणलेले गुलाम अरबांच्या गलबतांतून झांझिबार व अरबस्तानाकडे जात. इंग्रजांचीं गस्तीचीं जहाजें मधूनमधून तीं गलबतें धरीत, आणि सुटलेल्या मुलांपैकीं कित्येकांस मुंबईस उतरवीत. आईबाप कोठें, गांव कोणतें, हें त्यांतील लहानग्यांस सांगतांहि येत नसे. विल्यम सॉल्टर प्राइस ह्या मिशनऱ्यानें नाशिकजवळ शरणपूर नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली होती. १८६० सालीं मुंबईंतील ह्या आफ्रिकन मुलांचा आश्रम तेथें हलविण्यांत आला. गोदावरीच्या कांठीं हीं मुलें लिहावयास-वाचावयास शिकलीं, सुतारकाम व लोहारकाम शिकलीं, मोठीं झालीं. आणि पुढें त्यांतील बरीच आपल्या खंडांत परत गेलीं. इतिहासांत त्यांस 'बाँबे आफ्रिकन' म्हणतात.

१८६४ सालीं विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे तरुण रबाईस आले. डेव्हिड लिव्हिंग्स्टननें १८६६ सालच्या आपल्या शेवटच्या प्रवासासाठीं नाशिकच्या आश्रमांतून नऊ तरुण बरोबर घेतले, आणि पुढें आणखी कांहीं त्यास जाऊन मिळाले. १८७३ सालच्या मे महिन्यांत तो चितांबोच्या गांवीं वारला, तेव्हां त्याच्या अनुयायांनीं त्याचें हृदय एका वृक्षाखालीं पुरलें, देह वाळवून बांधला आणि हजारांहून अधिक मैल चालत समुद्रकिनाऱ्यास आणिला. दफनाच्या वेळीं प्रार्थना वाचणारा व झाडावर लिव्हिंग्स्टनचें नांव कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकचा विद्यार्थी होता. १८७४ सालच्या एप्रिलांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटीच्या वाहकांमध्यें तो उभा होता. त्याच प्रवासांतला दुसरा नाशिकचा विद्यार्थी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबाशास दीर्घकाळ राहून १९३५ सालीं वारला. लिव्हिंग्स्टनचें चरित्र आपण शाळेंत वाचलें, पण त्याचा देह वाहून आणणाऱ्यांपैकीं कांहींजण गोदेचें पाणी पिऊन वाढले होते हें आपल्यास कोणीं सांगितलें नाहीं.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर ह्यांनीं घातलेल्या भरीमुळें झांझिबारच्या सुलतानानें १८७३ सालीं गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. त्यानंतर प्राइस मोंबाशास गेला, आणि १८७५ सालीं शहरासमोरील किनाऱ्यावर मुक्त गुलामांचें गांव वसविलें. त्याचें नांव फ्रेअरटाउन. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली कीं वस्तीस सावध करण्यासाठीं तेथें एक घंटा टांगलेली होती. ती आजहि चौकांत आहे आणि त्या जागेस 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशीं, असेंच म्हणतात. नाशिकहून गेलेले सुमारें दीडशें आफ्रिकन स्त्रीपुरुष फ्रेअरटाउनांत व रबाईंत स्थायिक झाले. शिक्षक तेच, सुतार तेच, दुभाषे तेच. गोऱ्या मिशनऱ्यांनीं त्यांना नेहमींच बरोबरीनें वागविलें असें मात्र नाहीं. पगारावरून व अधिकारावरून पुष्कळ खटके उडाले. तरी काम त्यांच्याच हातून झालें.

ह्या सर्वांत विल्यम जोन्सची मूर्ति आमच्या मनांत ठसली. बालपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष १८८५ सालीं सेमलरबरोबर धर्मोपदेशकाच्या पहिल्या दीक्षेस पात्र ठरला. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टनबरोबर तो युगांडाच्या वाटेस लागला. बिशप पुढें जाऊन मारला गेला, आणि मागें राहिलेल्या तांड्यास सुखरूप परत आणण्याचें ओझें जोन्सवर पडलें. तें त्यानें पार पाडलें. परंतु त्याची खरी कसोटी रबाईसच लागली. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईच्या आसऱ्यास येऊं लागले. कायद्यानें ते अद्याप धन्याची मालमत्ता होते. धनी हत्यारें घेऊन येण्याची धमकी देत होते. मिशनच्या वरिष्ठांनाहि हें प्रकरण अडचणीचें वाटत होतें. जोन्स स्वतः त्या वाटेनें गेलेला. त्यानें दार लावून घेतलें नाहीं. शेवटीं १८८८ सालीं गोष्ट हातघाईवर येण्याची वेळ आली, तेव्हां इंग्रजांच्या व्यापारी कंपनीच्या प्रतिनिधीनें धन्यांस नुकसानभरपाई देण्याचें ठरविलें, आणि १८८९ सालच्या पहिल्या दिवशीं रबाई व आसपासच्या मिशनांत राहिलेल्या चौदाशेंहून अधिक माणसांस मुक्ततेचे कागद मिळाले. ज्या अंगणांत हे कागद वांटले गेले असतील असें लोक सांगतात, तेथें आतां मुलें चेंडू खेळतात.

आम्ही रविवारीं तेथील सेंट पॉल चर्चमध्यें मागच्या बांकावर बसलों. प्रार्थना स्वाहिलींत, गाण्याबरोबर ढोल, आणि स्त्रियांच्या आवाजाचा असा भर कीं छपराखालीं तो मावत नव्हता. ह्या सोहळ्यांत कोठेंहि गोरा मनुष्य नव्हता; पाद्री तेथलेच, वाचक तेथलेच, आणि आमच्या नाशिकच्या मंडळीस पाहुणे म्हणून पुढें बोलावून त्यांचें स्वागत करणारीहि तेथलीच एक वृद्धा. मिशन म्हणजे कोणीतरी कोणाकडे जाऊन शिकविणें, अशी आपली समजूत असते. येथें तर शिकवावयास आलेले आमचे लोक शिकावयास बसले होते.

हें अक्षरशः घडलें तें शाळेंत. आमच्या मंडळींत एक डॉक्टर, एक परिचारिका, एक सुतार व कॉलेजांत शिकणारे दोन तरुण होते. डॉक्टरांचें काम पहिल्या दिवसापासून सुरळीत चाललें, कारण गांवांतील आरोग्यसेविकेनें कोणास तपासावयाचें त्याची यादी करून ठेविली होती. ह्या दोन तरुणांनीं मात्र येतांना पेनें व गोळ्यांच्या पिशव्या आणिल्या होत्या. मधल्या सुट्टींत त्यांनीं त्या उघडल्या, पोरांचा गराडा पडला, ढकलाढकली झाली, आणि एक तरुण त्याचीं छायाचित्रें घेऊं लागला. मुख्याध्यापिका बाई शांतपणें बाहेर आल्या. त्यांनीं मुलांस एका शब्दांत वर्गांत पाठविलें, तरुणांस आपल्या खोलींत बोलावून चहा दिला, आणि मग म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानें आणलें आहे हें मला दिसतें. पण तुम्ही आठ दिवसांनीं जाल. पुढें झालेला हात पुन्हां पुस्तकावर ठेवायला मला वर्ष लागेल." तरुणांचे चेहरे उतरले. बाईंनींच त्यांस सांवरून घेतलें. पेनें कपाटांत ठेवूं, वर्षअखेर बक्षीस देऊं, असें त्या म्हणाल्या. आणि "तुमच्यांत सुतार आहे असें ऐकलें," असें म्हणून त्यांनीं मागच्या खोलीचें दार उघडलें. तेथें मोडक्या बांकांची रास पडली होती.

पुढचे पांच दिवस आमची अर्धी मंडळी त्या खोलींत होती. लांकूड माझेरासहून विकत आणलें. गांवच्या सुतारास तेथें 'फुंडी' म्हणतात. तो व आमचा नाशिकचा सुतार ह्यांस एकमेकांची भाषा मुळींच येत नव्हती, परंतु रंधा, करवत व गुण्या ह्यांना भाषांतर लागत नाहीं. आमच्या सुताराची सांधे बसविण्याची एक पद्धत फुंडीनें उचलली, आणि किनाऱ्याच्या दमट हवेंत लांकूड फुगतें म्हणून फट किती सोडावी हें फुंडीनें त्यास शिकविलें. तरुणांनीं कानशी घासल्या. सव्वीस बांक उभे राहिले. ज्या कलेच्या जोरावर शरणपूरचीं मुलें एके काळीं येथें उतरलीं होतीं, तीच कला पुन्हां उपयोगीं पडली. आम्हांस त्या हत्यारांतलें कांहीं येत नसल्यामुळें आम्ही सातवीच्या वर्गास स्वाहिलींत शिरलेले आपल्याकडील शब्द फळ्यावर लिहून दाखविले. आणि 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, ही पदवी घेऊन परतलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर बसणें होई. एके रात्रीं, इतक्या वर्षांच्या स्नेहांत आम्हीं कधीं काढला नव्हता तो विषय निघाला. आम्हीं आमच्या स्नेह्यांस विचारिलें, "भुकेल्यास भाकर देतांना तिच्याआड धर्माची अट असावी काय?" ते पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "नसावी. ज्यांनीं घातली त्यांचें मी समर्थन करणार नाहीं. पण मास्तर, १८७७ च्या दुष्काळांत माझे पणजोबा सात वर्षांचे होते. आईबाप वाटेंतच गेले. मिशनच्या आश्रमांत पोंचण्यापूर्वीं त्यांनीं किती गांवांतून, किती वाड्यांवरून भीक मागितली तें ते मरेपर्यंत सांगत. अटीची भाकर वाईट खरी. पण जेथें बिनअटीचीहि मिळाली नाहीं त्या दारांचें काय?"

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचें मत आमच्याप्रमाणेंच असेल, कीं धर्म ही विचारानें घेण्या-सोडण्याची गोष्ट आहे, पोटाच्या खळगीनें नव्हे. हें मत त्या रात्रीनंतरहि आमचें कायम आहे. परंतु त्या प्रश्नास ह्या मतानें उत्तर मिळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. ती दारें आपल्याच लोकांचीं होतीं. दुसऱ्याच्या दानांत दोष काढण्याचा अधिकार ज्यास हवा, त्यानें आधीं आपल्या उंबऱ्यावर कोण येऊन परत गेला ह्याचा हिशेब केला पाहिजे. आम्ही त्यांस एवढेंच म्हणालों, "गणिताच्या मास्तरांनीं घातलेलें हें उदाहरण कठीण आहे." ते हंसले व दोघेहि झोंपावयास गेलों.

रबाईचे सर्वच लोक ख्रिस्ती आहेत असें नाहीं. त्यांची मूळ जमात मिजिकेंडा समूहांतली. मिजिकेंडा म्हणजे नऊ गांवें. त्यांचीं पुरातन वसतिस्थानें टेंकड्यांवरील रानांत होतीं; त्यांस 'काया' म्हणतात. वस्ती केव्हांच उठली, पण रान देवाचें म्हणून राखलें गेलें. तेथील झाड तोडावयाचें नाहीं, पूर्वजांच्या जागा विटाळावयाच्या नाहींत. सह्याद्रींतील आपली देवराई ज्यांनीं पाहिली आहे त्यांस अधिक सांगणें नको. २००८ सालीं युनेस्कोनें ह्या पवित्र कायांस जागतिक वारशांत स्थान दिलें. त्यांत रबाईच्याहि काया आहेत. आम्ही रानाच्या कडेपर्यंत गेलों. बरोबर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचा धाकटा भाऊ चर्चमध्यें गातो आणि ते स्वतः कायाचे मानकरी आहेत. आंत जातां येईल काय असें विचारतां ते म्हणाले, "ते जर्मन पाहुणे आले तेव्हां त्यांनीं आमच्या आजोबा-पणजोबांस विचारलें होतें, म्हणून त्यांस जागा मिळाली. तुम्हींहि विचारलें, हें चांगलें केलें. पण आज नको." आम्हीं पायांतील वहाणा काढून बाहेरूनच नमस्कार केला. त्यावर ते प्रसन्न झाले आणि परतीच्या वाटेवर त्यांनीं आम्हांस शहाळें पाजलें. आपल्या भावाविषयीं विचारतां एवढेंच म्हणाले, "बाप मेला तेव्हां खांदा दोघांनीं दिला."

शेवटच्या रात्रीं आकाश निरभ्र होतें. दक्षिणेकडे त्रिशंकूचे तारे आपल्याकडे दिसतात त्याहून कितीतरी उंच चढलेले, आणि उत्तरेकडे सप्तर्षि अगदीं क्षितिजाला टेंकलेले. ध्रुव मात्र नाहीं! विषुववृत्ताच्या दक्षिणेस आल्यामुळें तो क्षितिजाखालीं जातो. लग्नांत वधूस ज्या ताऱ्याचें दर्शन करवावयाचें, तो ह्या खेड्यांतून कधींच दिसत नाहीं, हें पुस्तकावरून माहीत असणें निराळें आणि मान वर करून त्याची रिकामी जागा पाहणें निराळें. ज्या बालकांस येथूनच कोठूनसें उचलून समुद्रापार नेलें, त्यांनीं नाशिकच्या आकाशांत हा न हालणारा तारा प्रथमच पाहिला असेल. आणि तरुणपणीं परत येतांना, गलबत दक्षिणेस सरकतां सरकतां, तो बुडालेलाहि पाहिला असेल. तरी ते आले.

ह्या आठ दिवसांतून आम्हीं जें आणिलें तें असें. दूरच्या खेड्यांत जाऊन कांहीं देऊन येणें ह्या गोष्टीचें मोल देणाऱ्याच्या थैलीवर ठरत नाहीं. मागें राहून तें निभावणारें कोण, ह्यावर ठरतें. एकोणतीस वर्षांच्या तपश्चर्येनें जें झालें नाहीं, तें ज्यांचें स्वतःचें घर लुटलें गेलें होतें अशा मूठभर माणसांनीं केलें. दान देतांना देणाऱ्यानें संकोचून द्यावें, असा आपल्या उपनिषदांचा उपदेश आहे. त्याचा अर्थ आम्हांस एका मुख्याध्यापिका बाईनें चहा पाजून समजावून दिला.

आपण नाशिकास जातों, रामकुंडावर स्नान करतों, काळ्या रामाचें दर्शन घेतों आणि गाडी पकडण्याच्या घाईंत शरणपूर रोडनें निघून जातों. पुढच्या खेपेस त्या रस्त्यानें जातांना वाचकांनीं आपल्या मुलांस सांगावें कीं, येथें दीडशें वर्षांपूर्वीं कांहीं आफ्रिकन मुलें रंधा मारावयास व धडा वाचावयास शिकत होतीं; आणि त्यांतल्या एकानें पुढें, कायदा विरुद्ध असतां, पळून आलेल्या माणसांसाठीं आपलें दार उघडें ठेविलें. रबाईंतील मुलांस हें ठाऊक आहे. आपल्या मुलांसहि तें ठाऊक असावें.